दोनशे तासांनंतर

आमच्या इच्छापोरच्या घरात संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी होतं. हे हजिऱ्याहून पाळी सुटली की थेट पाटावर येतात. आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, आधीच बसलेल्या असतात. गेल्या उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी त्या ताटांच्या मधोमध माझ्या मुलीनं, श्रेयानं, तिचा मोबाईल ठेवला. त्यावर तीन संस्थांची माहितीपत्रकं होती. तिन्हींवर निळं आकाश, पांढरं विमान आणि हसऱ्या चेहऱ्याची मुलं.

"आई, यातलं एक निवडायचंय. जेट ओरिएंटेशन कोर्स."

आक्कांनी विचारलं, "म्हणजे अजून शिकायचं? लायसन आलं की गं तुझं!"

हाच प्रश्न माझ्याही मनात होता, फक्त मी तो बोलले नाही.

लायसन खरंच आलं होतं. कमर्शियल पायलट लायसन. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पास झाली तेव्हापासून आमचं घर त्या एका कागदामागे धावत होतं. पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी, मग हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, विमानाचं तंत्र अशा एकेक परीक्षा, मग रेडिओची परीक्षा, आणि हे सगळं करता करता दोनशे तासांचं उड्डाण. बारामती, धुळे, जळगाव, गोंदिया अशा आपल्या गावांच्या धावपट्ट्यांवर मुलं शिकतात. त्यांतल्याच एका ठिकाणी ती होती. पावसाळ्यात ढग खाली आले की उड्डाण बंद, विमान दुरुस्तीला गेलं की बंद. दीड वर्षाचं गणित सव्वादोन वर्षांवर गेलं. घरावरचं कर्ज वाढलं, माझे गोठ आणि मोहनमाळ गेली. आईनं दिलेल्या पाटल्या तेवढ्या राहिल्या.

लायसन आल्यावर पेढे वाटले. बस्तीत, म्हणजे इथल्या भाषेत देरासरात, ओळखीच्यांनी पाठ थोपटली. मग दोन महिने गेले, चार गेले, वर्ष होत आलं. खालच्या मजल्यावरच्या मासी भेटल्या की विचारायच्या, "बेन, हवे नोकरी क्यारे?" मी हसायची. गच्चीवर गेलं की तापीपलीकडे मगदल्ल्याच्या बाजूला विमानं उतरताना दिसतात. डिसेंबर २०२३ मध्ये सुरत विमानतळाची नवी इमारत सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे मुद्दाम बघायला गेलो होतो. आता तीच विमानं दिसली की मी वाळत घातलेले कपडे काढायचं निमित्त करून खाली यायची.

म्हणून त्या संध्याकाळी आणखी एका कोर्सचं नाव ऐकलं आणि माझ्या पोटात कालवलं. मला वाटलं, हा आणखी एक खड्डा. लायसन असलेल्या मुलांच्या आईबापांकडून उरलेले पैसे काढायचा धंदा.

"सरकारनं सक्तीचा केलाय का?" ह्यांनी विचारलं.

"नाही बाबा. डीजीसीएच्या लायसनसाठी हा लागत नाही. लायसनवर याची नोंदसुद्धा होत नाही."

"मग कशाला?"

ती गप्प बसली. ताट तसंच टाकून उठायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून तिनं निमूटपणे जेवण संपवलं आणि गच्चीवर गेली. ताट घासून ठेवून मी मागोमाग गेले.

तिथं तिनं मला जे सांगितलं ते तिनं तीन महिने लपवून ठेवलं होतं. एका विमान कंपनीच्या निवडीला ती गेली होती, ते आम्हाला माहीत होतं. "निकाल यायचाय" एवढंच ती सांगत होती. निकाल आला होता. लेखी परीक्षा पास, गटचर्चा पास, सिम्युलेटरच्या चाचणीत नापास.

"आई, विमान माझ्या पुढं पळत होतं आणि मी मागून धावत होते. मला काय करायचं ते माहीत होतं गं, पण ते आठवेपर्यंत पुढची गोष्ट येऊन जायची. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाला मी एक शब्दसुद्धा बोलले नाही. बाहेर आल्यावर परीक्षक म्हणाले, तू एकटीच विमान चालवत होतीस."

ती रडली नाही. मलाच रडू आलं, पण ते नापास झाल्याचं नव्हतं. तीन महिने ही पोर माझ्या शेजारी बसून भाजी निवडत होती आणि मी तिला रोज विचारत होते, "काही मेल आला का गं?"

त्या रात्री तिनं मला पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. ती ज्यावर शिकली ते छोटं सेसना विमान सगळं मिळून अकराशे किलोंच्या आसपास भरतं. एअरबस ३२० उडताना जास्तीत जास्त ७८-७९ टनांपर्यंत जातं, म्हणजे सत्तरपट. सेसना उतरायला येतं ते ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आत, जेट येतं अडीचशेच्या आसपास. छोट्या विमानाला खाली यायचं तर तू इंजिन कमी करतेस आणि ते येतं. जेट घसरत राहतं, ते वेग सोडायलाच तयार नसतं. आणि उलट, ताकद हवी म्हणून लिव्हर पुढे ढकलला तर जेट इंजिन लगेच उसळत नाही, त्याला काही सेकंद लागतात. म्हणजे सगळं आधी ठरवावं लागतं.

"समज मी नागपूरकडून सुरतेला येतेय, तीस हजार फुटांवर. कुठं उतरायला सुरुवात करायची?"

मी म्हटलं, "बारडोलीला?"

ती हसली. "हजार फुटाला तीन सागरी मैल धरायचे. तीस त्रिक नव्वद. नव्वद सागरी मैल म्हणजे एकशे सहासष्ट-सदुसष्ट किलोमीटर. आई, नंदुरबारच्या आकाशातच सुरुवात करावी लागते."

नंदुरबार! आम्ही सांगलीकडचे असलो तरी सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला नंदुरबार किती लांब आहे ते कळतं, कारण निम्मा शेजार खानदेशातला. तिथून सुरतेला यायला रेल्वेला काही तास लागतात. मला तेव्हा कळलं की दोनशे तास उडूनही हिला हे वेगळं शिकावं लागणार. साडी नेसता येते म्हणून नऊवारी आपोआप नेसता येत नाही, तसंच काहीसं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वही घेऊन बसलो. घरखर्चाची वही मी लग्नापासून लिहिते, तेव्हा हिशोबाचं मला भय नाही.

पहिली संस्था चाळीस तासांचा कोर्स देत होती, साडेचार लाख रुपये, कर धरून. सिम्युलेटर सहा पायांवर हलणारं, अगदी विमानासारखं. दुसरी वीस तास देत होती, सव्वातीन लाख, कर वेगळा. सिम्युलेटर जागेवरच, न हलणारं. तिसरीनं तासच सांगितले नव्हते, "नोकरीची हमी" मात्र मोठ्या अक्षरांत होती.

मी भागाकार केला. पहिलीचा तास सव्वाअकरा हजारांना पडतो, दुसरीचा सव्वासोळा हजारांना. "पहिलीच घे," मी म्हटलं. श्रेयालाही तीच हवी होती, हलणाऱ्या सिम्युलेटरमुळे.

पण ह्यांच्या ओळखीतले एक निवृत्त कॅप्टन आहेत, वेसूला राहतात. ह्यांनी त्यांना फोन लावून दिला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चाळीस तासांत विमान तुझ्या हातात किती?"

आम्हाला कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं, सिम्युलेटरची एक बैठक सहसा चार तासांची असते आणि त्यात दोन मुलं बसतात. दोन तास एक चालवतो आणि दुसरा बघतो, वाचतो, सांगतो. मग जागा बदलतात. काही संस्था चारही तास मोजतात, काही फक्त हातातले दोन.

फोन करून विचारलं. पहिलीचे चाळीस म्हणजे हातातले वीस. दुसरीचे वीस म्हणजे हातातलेच वीस, बाजूला बसायचे वीस वेगळे. मी वही पुन्हा उघडली. पहिलीचा हातातला तास साडेबावीस हजारांना पडत होता. दुसरीचा, अठरा टक्के कर धरून सगळे तीन लाख त्र्याऐंशी हजार पाचशे, म्हणजे तासाला एकोणीस हजार एकशे पंच्याहत्तर. आधीचं गणित पार उलटं झालं होतं.

"पण ते हलत नाही," श्रेया म्हणाली.

कॅप्टनसाहेबांचं म्हणणं असं पडलं की हलणारं यंत्र चांगलंच, त्यात वाद नाही, आणि पुढे एखाद्या विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग करशील तेव्हा खऱ्यासारखं हलणारंच लागेल. पण तू नापास झालीस ती यंत्र हललं नाही म्हणून नव्हे. तुझी नजर घड्याळांवरून फिरायला उशीर होतो आणि तू शेजाऱ्याशी बोलत नाहीस. ते शिकवणारा माणूस कोण आहे ते विचार. त्यानं स्वतः जेटवर किती वर्षं काढलीत ते विचार. ऑटोपायलट बंद करून किती वेळ चालवायला देतात ते विचार. दर बैठकीआधी आणि नंतर तासभर बसून बोलतात का ते विचार.

हे प्रश्न आम्ही तिन्ही ठिकाणी विचारले. पहिलीनं सांगितलं, शिकवणारे त्या त्या दिवशी जे मोकळे असतील ते. दुसरीनं दोघांची नावं आणि त्यांचा अनुभव सांगितला, आणि आधी येऊन एक बैठक मागे बसून बघा म्हणाले. तिसरीनं उत्तर देण्याऐवजी सांगितलं की रविवारपर्यंत सगळे पैसे भरले तर पन्नास हजारांची सूट आहे. मी म्हटलं, "नोकरीची हमी लिहून द्याल का? नाही मिळाली तर पैसे परत?" तिकडून "मॅडम, असं कुणी लिहून देत नाही" असं उत्तर आलं. मग हमी कशाची, हे मी विचारलं नाही. फोन ठेवला.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण श्रेयाच्या बरोबरीची मुलं थेट टाइप रेटिंग करत होती. त्याची नोंद लायसनवर होते, आणि एअरबस किंवा बोइंग चालवायचं तर ते कधीतरी करावंच लागतं. खर्च मात्र याच्या कितीतरी पट. ह्यांनी एका रात्री हळूच सांगितलं की गावाकडचं अर्ध्या एकराचं रान विकून टाकू, थेट तेच करू दे. जे आहे ते पोरीचंच.

मी ऐकत राहिले. मग विचारलं, "एअरबसचं करायचं की बोइंगचं?"

ह्यांना सांगता येईना. इंडिगोचा ताफा मुख्यतः एअरबस ३२० च्या घराण्याचा, अकासाचा बोइंग ७३७ चा. दोन्ही विमानं सारखी दिसली तरी एकीत बाजूला छोटी काठी, दुसरीत समोर मोठं हँडल. एकाचं रेटिंग दुसऱ्याला चालत नाही. २०२३ मध्ये इंडिगोनं पाचशे आणि एअर इंडियानं चारशे सत्तर विमानांची मागणी नोंदवली तेव्हा सगळ्या पालकांना वाटलं, आता पोरांना बोलावून नेतील. पण विमानं येतात एकेक करून आणि बोलावणं कुणाचं कधी येईल ते आपल्या हातात नाही. शिकून ठेवलेलं रेटिंग नुसतं ठेवून चालत नाही, ते चालू ठेवायला पुन्हा तपासणी आणि पुन्हा खर्च. आणि मुख्य म्हणजे मुलगी सिम्युलेटरमध्ये अडखळतेय. पाया कच्चा असताना वरचा मजला बांधायला रान विकायचं?

हे मी ह्यांना बोलले तेव्हा आवाज चढला होता. आतल्या खोलीतून आक्का आल्या. मला वाटलं आता लग्नाचा विषय निघणार. त्या म्हणाल्या, "रान इकू नका. आणि पोरीला इचारा. इमान तिला चालवायचंय."

श्रेया दारातच उभी होती. तिनं दुसरी संस्था सांगितली, न हलणारी. आणि म्हणाली, "आई, पाटल्या नको. मी वर्षभर दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्यात, एक लाख दहा हजार साठलेत. उरलेले बाबांनी द्यावेत, उसने."

कोर्स मुंबईला होता. मी तिला सोडायला गेले, पहाटेच्या फ्लाइंग राणीनं. गाडीचं नाव वाचून दोघीही हसलो. एका ओळखीच्या घरी तिची सोय लावली, त्यांना सांगितलं की संध्याकाळचं लवकर लागतं आणि कांदा-बटाटा नको. पहिल्या दिवशी संस्थेनं मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं. अंधारी खोली, समोर पडद्यावर मुंबईची धावपट्टी, शेकडो बटणं. शेजारी जळगावकडचा एक मुलगा. शिकवणाऱ्या बाई होत्या, चाळिशीच्या, मोठ्या विमान कंपनीत पंधरा वर्षं काढलेल्या. त्यांना बघून मला सौदामिनी देशमुख आठवल्या. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान दोघी बायकांनीच चालवलं, त्यात कॅप्टन त्या होत्या. तेव्हा मी शाळेत होते. बाईंनी वर्गात पेपरातलं कात्रण वाचून दाखवलं होतं. मी घरी येऊन आण्णांना म्हटलं होतं, मला विज्ञानाला जायचंय. कॉलेज सांगलीत होतं, एसटीनं जावं लागलं असतं. आण्णा नाही म्हणाले. वाईट माणूस नव्हता माझा बाप, घाबरला होता.

पहिली बैठक वाईट गेली. मला तांत्रिक काही कळत नसलं तरी पोरीचे खांदे कळतात. ते कानांपर्यंत वर गेले होते. विमान उंच राहिलं, वेग राहिला, शेवटी बाईंनी पडदा थांबवला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "किती मैल राहिलेत ते मोठ्यानं बोल. चुकलं तरी बोल. तू बोललीस तर हा मदत करेल. मनातल्या मनात चालवशील तर तू एकटी आहेस."

मी संध्याकाळच्या गाडीनं परतले. दहा बैठका होत्या. चौथ्या बैठकीनंतर तिचा फोन आला तो रडतच. तिला वाटत होतं पैसे पाण्यात गेले. मी म्हटलं, "परत ये, काही बिघडत नाही." ती म्हणाली, "नाही." सातव्या बैठकीनंतर फोन आला तेव्हा ती माझ्याशी बोलायचं सोडून आक्कांना सांगत बसली की आज उतरताना एकदाही पडदा थांबवला नाही. आक्कांना काय कळलं कुणास ठाऊक, त्या "बरं झालं बाई" म्हणाल्या.

हे लिहिताना तिला अजून नोकरी लागलेली नाही. ते सांगायलाच हवं, नाहीतर हा लेख त्या माहितीपत्रकांसारखा होईल. मध्ये एका निवडीला ती गेली, सिम्युलेटर पास झाली, आता प्रतीक्षा यादीत आहे. दरवर्षीची इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तपासणी जवळ आली आहे, त्याचा खर्च वहीत लिहून ठेवला आहे. शिकवण्या चालू आहेत. ह्यांचे उसने पैसे ती महिन्याला चार हजारांनी फेडते, आणि हे ते तिच्याच नावानं टपालात टाकतात. तिला अजून माहीत नाही.

आपल्या समाजातल्या मुली आता मोठ्या संख्येनं अशा शिक्षणाकडे वळताहेत. भारतात वैमानिकांमध्ये बायका सुमारे पंधरा टक्के आहेत, जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढं. तेव्हा असा फोन तुमच्याही ताटाशेजारी येऊन पडेल. मी एवढंच सांगेन की घाईनं हो म्हणू नका आणि घाबरून नाही म्हणू नका. हातातले तास विचारा, कर विचारा, शिकवणारं माणूस विचारा, पैसे परत मिळतील का ते लेखी मागा, आणि एक दिवस मागे बसून बघू द्या म्हणा. जो बसू देत नाही त्याच्याकडे जाऊ नका. पण त्याच्याही आधी मुलीला विचारा की तिला नक्की काय जमत नाहीये. मला ते विचारायला तीन महिने लागले, तेही गच्चीवर, अंधार पडल्यावर.

हल्ली मी कपडे काढायला वर गेले की लगेच खाली येत नाही. परवा पूर्वेकडून एक विमान येत होतं. श्रेया शेजारी उभी होती, हातात मुलांच्या तपासायच्या वह्या. तिनं डोळे बारीक केले आणि म्हणाली, "यानं नंदुरबारलाच सोडलं असणार." मग वह्या घेऊन खाली गेली, सहाची शिकवणी होती.